ओठ जुळले नाहीत

"ओठ जुळले नाहीत. परत घ्या," मृणालिनीबाईंनी हेडफोन सारखा करत फर्मावलं.

डबिंग स्टुडिओच्या पडद्यावर एका परदेशी मालिकेतलं, माळरानात नवं घर थाटणारं गोरं कुटुंब होतं. नवऱ्यानं बायकोचं शिलाई मशीन देऊन बैल आणले होते आणि आता तो गाडीपाशी गुडघे टेकून माफी मागत होता. मराठीत तो अच्युतरावांच्या आवाजात बोलायचा, त्याची बायको मृणालिनीबाईंच्या. घरीही ही दोघं नवराबायकोच. फक्त काल नव्या व्याह्यांसमोर अच्युतरावांनी बायकोच्या घोरण्याची नक्कल केली, आणि आवाजाच्या कलावंताची नक्कल ती, व्याही पोट धरून हसले. तेव्हापासून घरात अबोला होता.

"चुकलं माझं," अच्युतराव पुन्हा म्हणाले.

"कोरडं वाटतंय."

"चुकलं माझं गं!"

"'गं' मावत नाही त्याच्या तोंडात. परत."

"मॅडम, पहिलाच टेक छान होता," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट काकुळतीला आला.

"तुम्ही थांबा हो. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी आज पहिल्यांदा ऐकतेय."

अच्युतरावांनी हातातला कागद खाली ठेवला. पडद्यावरचा नवरा केव्हाच उठून बैलांना पाणी पाजायला गेला होता.

"मृणाल, खरंच चुकलं. तुला किती लागलं असेल, ते माझ्या लक्षातच आलं नाही."

"सर, पडद्यावर कुणीच बोलत नाहीये. पुसून टाकू?"

"खबरदार!" मृणालिनीबाईंनी पदरानं डोळे टिपले. "मालिकेला पहिला टेक लावा. हा माझा आहे."