चार टन पाणी

पूल आठ टन पेलणारा. पाण्यानं भरलेला आमचा बंब बारा टनांचा. पलीकडे घर पेटलेलं. त्या घरची सून पुलावरून धावत आली. “दादा, सासूबाई माडीवर अडकल्यात.” मी उतरून टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, सगळं पाणी रस्त्यावर सोडलं. “घर जळतंय आणि पाणी ओतून देताय?” तिनं धारेवर तळवे दाबले. “ताई, भरलेला बंब नेला तर पूल खचेल. पलीकडच्या तळ्यातून पंप पाणी ओढेल.” बंबावरच्या आमच्या साहेबांनी तिला बाजूला ओढलं. रिकाम्या बंबाखालीही पूल करकरला, पण टिकला. साहेब शिडी घेऊन धावले. मी तळ्यात नळी टाकली, पण ती वर उसळत राहिली, पंप हवाच ओढू लागला. पंपाचा लिव्हर सोडून मला हलता येईना. मागून आलेली सून पाण्यात उतरली. त्याच तळव्यांनी तिनं नळी पाण्याखाली दाबून धरली. “ओढा, दादा.”