कोरी बाटली

कोऱ्या बाटलीत जीव निघाले होते. एखाददुसरा नव्हे, तलावातले झाडून सगळे.

मार्गदर्शक विशाखा मॅडमनी अहवाल मंजुश्रीपुढे सरकवला आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मंजुश्री प्राणिप्लवकांवर पीएचडी करत होती, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवांवर. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक जीव ओळखत बसायचं जुनं काम तिनं कमी केलं होतं. जाळीत आलेलं सगळं तपासायला पाठवायचं, त्यातला डीएनए वाचून घ्यायचा, की तलावात कोण कोण राहतं ते कळतं. मात्र दर महिन्याला सोबत शुद्ध पाण्याची एक बाटलीही न्यायची. ते पाणी त्याच जाळीतून ओतायचं आणि तेही तपासायला पाठवायचं. ही कोरी बाटली. तिच्यात काही म्हणजे काही निघता कामा नये. निघालं तर जाळी तरी घाण, नाहीतर हात तरी. मग तलावाबद्दल लिहिलेल्या एकाही नावाचा भरवसा राहत नाही.

"हिवाळ्यातल्या बाटल्या स्वच्छ आहेत," मॅडम शेवटी म्हणाल्या. "उन्हाळ्यापासूनच्या सगळ्या बिघडल्यात. हे असं मी पुढे पाठवू शकत नाही, मंजुश्री. काम पुन्हा करावं लागेल."

पुन्हा! शिष्यवृत्ती संपत आली होती, आणि 'पोरीचं शिक्षण कवा सरतंय' असं विचारून विचारून नातेवाइकांची तोंडंही दुखायला लागली होती. मंजुश्रीला रडू नाही आलं, स्वतःचा राग आला. जाळी ती ब्लीचमध्ये बुडवून ठेवायची. हातमोज्यांशिवाय बाटलीला शिवायची नाही. मग चूक झाली कुठं?

लातूरहून उदगीरला येताना एसटीत ती तेच उगाळत बसली. तलाव घरापासून जवळ, म्हणून बाटली ती कॉलेजात भरून घरी आणायची. रात्रभर बाटली स्वयंपाकघरात राहायची, पहाटे तलावावर जायची. तिथंच विचार अडकला.

"अव्वा, माझ्या बाटलीला कुणी हात लावत होतं का?" चपला काढता काढताच तिनं विचारलं.

तिची आई सिद्धम्मा ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "म्या लावायची. लिंगपूजेला काढून घ्यायची. तूच म्हनली न्हाईस का, याच्याइतकं निर्मळ पानी अख्ख्या जिल्ह्यात न्हाई म्हनून?"

"आणि बाटली?"

"रिकामी कशी ठिवू? जारातलं भरून ठिवायची. तलावावरच तर न्यायची व्हती."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

मंजुश्रीनं आईला मिठीच मारली. म्हणजे जाळी चांगली होती! हात चांगले होते! तिनं तिथूनच मॅडमना फोन लावला.

"तसं असेल तर तुझं काम वाचलं," मॅडम म्हणाल्या. "पण नुसतं आई म्हणते म्हणून चालायचं नाही. त्या जारचं पाणी तपासायला आण. त्यात हेच जीव निघाले, तर प्रश्न मिटला."

फोन ठेवता ठेवता मंजुश्रीचा चेहरा उतरला. जार अप्पांचे, तिच्या वडिलांचे होते.

गुंडप्पांचा जारचा धंदा उदगिरात सगळ्यांना ठाऊक. नळाला येणारं तलावाचंच पाणी मशीनमधून शुद्ध होऊन, गार होऊन लग्नघरी, दवाखान्यात, शाळेत जायचं. जारवर त्यांनी हौसेनं बायकोचं नाव घातलं होतं: सिद्धम्मा शुद्ध जल. 'पान्यात खोट करणाऱ्याला शिव माफ करत न्हाई' हे गिऱ्हाइकानं न विचारताच ते ऐकवायचे. आता जार स्वच्छ निघाला तर मुलीची मेहनत पाण्यात, आणि नाही निघाला तर बापाची अब्रू. देवाकडं काय मागावं तेच तिला कळेना.

अप्पा जेवायला बसल्यावर तिनं खाली मान घालून सगळं सांगितलं. भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला.

"मशीनचा फिल्टर गेला उन्हाळ्यात," ते म्हणाले. "नवा टाकतो, टाकतो म्हनत राहून गेलं. नुसतं गार करून देऊन राहिलो. लोकं म्हनले, अप्पा, पानी लई गोड हाय. मंग म्याबी गप बसलो."

मंजुश्रीला बापाचा राग यायला हवा होता, पण तो आला नाही. "अप्पा, मी मॅडमना दुसरं काहीतरी सांगते," ती म्हणाली.

"काई सांगू नको. खरं हाय तेच लिव्ह. उद्या जार मी सोता आणून देतो लातूरला. आन् मशीन नीट होस्तर धंदा बंद." मग त्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "फकस्त तुझ्या अव्वाला कळू देऊ नको. तुझी बाटली येती महिन्यातून एकदा. बाकी सगळे दिस ती माझ्याच जारानं लिंगाला न्हाऊ घालती. ऐकंल तर जीव तुटंल तिचा."

सिद्धम्मा गरम भाकरी घेऊन दारातच उभी होती. ती पुढं आली, नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली.

"पैल्याच घोटाला कळलं व्हतं मला," ती म्हणाली. "म्हनून तर पोरीच्या बाटलीतलं पळी पळी महिनाभर पुरवून पूजा करून राहिले."