रबराखालची तारीख

व्हॅनच्या पुढच्या काचेचं रबर अर्धं सुटलं आणि भैरूचा हात थांबला.

"काका, ही काच कंपनीची न्हवं. आधी एकदा बदललीया."

धाकू स्टुलावरून उठलाच. "खुळो मरे तू! गाडी घेतल्यापासून मीच चालयतां. दुसऱ्या कोणाचो हात लागूक ना तिका."

डिचोलीच्या या गाड्यांच्या काचांच्या दुकानात आल्यापासून हे त्याने तिसऱ्यांदा ऐकवलं होतं. तीस वर्षं सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवलेला माणूस. आणि काल सुर्ल्याच्याच रस्त्यावर पुढच्या ट्रकातून उडालेल्या खड्याने त्याच्या जुन्या व्हॅनची काच तडकली. आज सकाळी आमोण्याच्या घरून निघून त्याने दोन दुकानं नाकारली होती. एकाकडची काच पांढरी, दुसऱ्याकडची जास्तच हिरवी. जुळती मिळाली ती भैरूकडे. तीच फिकट हिरवी झाक, कोपऱ्यात तोच शिक्का.

दुसरी काच त्याला चालणारच नव्हती. त्याची बायको सुमंगला जाऊन तीन वर्षं झाली होती. पोरबाळ नाही. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून धाकू व्हॅनमध्ये बोलायचा. डावी सीट तिची. तिथे तिची उशी, निळ्या फुलांच्या खोळीची. कंबर दुखते म्हणून शिवली असं ती सांगायची. ती उशी कोणी हलवलेली त्याला खपत नसे. बाजारातून येताना तो तिला मासळीचा भाव सांगायचा, मध्येच खड्ड्यांना शिव्या घालायचा. तिच्या जागेवरून तिला जे दिसायचं ते तसंच दिसत राहावं, एवढाच त्याचा हट्ट होता. बाकी तिचं म्हणून फारसं काही उरलं नव्हतं.

भैरूने रबर आणखी ओढलं. आतल्या पत्र्यावर काळ्या पेनाने काही लिहिलेलं होतं.

"रबराखाली तारीख घालायची आमची पद्धत हाय. अक्षर माझंच. बघा, बावीस मे, दोन हजार एकोणीस."

धाकू वाकला. त्या आठवड्यात तो साखळीच्या इस्पितळात होता. भर दुपारी छातीत कळ येऊन अंगणात कोसळला होता. शेजारच्या गौरेशने व्हॅनमधून नेलं, असं सुमंगलाने नंतर सांगितलं; ती एक खेप धाकू मोजत नसे. त्याला स्वतःला एवढंच आठवत होतं, की आपण मागच्या सीटवर आडवे आहोत आणि गिअर कुरकुरतोय. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्या माणसाचा गिअर कुरकुरावा! यावरून त्याने पुढे गौरेशची कितीदा तरी फिरकी घेतली. गौरेश नुसता हसायचा. तरी जीव वाचवला त्याने, म्हणून दर उन्हाळ्यात झाडाचा पहिला फणस गौरेशच्या घरी जायचा. सुमंगलाच तो डोक्यावरून नेऊन द्यायची.

"गौरेशान फोडली आसतली," धाकू म्हणाला. "आनी माका सांगूक ना. चोर!"

"गौरेश न्हवं काका. बाई आलत्या." भैरूने हातातलं हत्यार खाली ठेवलं. "एकट्याच. ठेंगण्या. खाली उशी घेऊन चालवत आलत्या. केसात काचेचा चुरा तसाच. मालकांना कळ आली म्हणाल्या, गौरेश म्हापशाला भाडं घेऊन गेलेला. मग काय करणार? आपणच काढली गाडी. फाटकातनं काढताना आंब्याच्या फांदीवर घातली. तडकलेल्या काचेतनं वाट दिसंना, तर मान खिडकीतनं बाहेर काढून साखळीपातुर नेली."

"तिका चालवूक खंय येताली?"

"गौरेशनंच शिकिवलं म्हणाल्या. तुमची दुपारची झोप असायची, तवा."

धाकू परत स्टुलावर बसला.

"पांढरी काच तयार हुती, लगेच लावतो म्हटलं," भैरू सांगत होता. "ऐकंनात. जुळतीच पायजे. मालक ट्रकवाले, त्यांच्या नजरेला येईल. गाडीला हात लावला म्हणून चिडतील, आणि डॉक्टरनं त्यांना चिडायचं न्हाई म्हणून सांगितलंय. मग बेळगावास्नं मागिवली मी."

धाकूला फाटकाजवळचा आंबा आठवला. इस्पितळातून आला तेव्हा त्याची फांदी कापलेली होती. वाऱ्याने मोडली, असं ती म्हणाली होती. आणि त्याला बघायला आलेल्या सगळ्यांसमोर तो तिला म्हणाला होता, हिच्या हातात गाडी दिली तर आपण थेट मांडवीच्या पाण्यात. सगळे हसले होते. तीही हसली होती. धाकूला इतकी लाज वाटली, की भैरूकडे बघवेना.

भैरूने नवीन तारीख लिहिली, काच बसवली, दोरीने रबर ओढून घेतलं. मग ओल्या फडक्याने काच पुसली. "बघा काका, तंतोतंत जुळली."

धाकूने डावं दार उघडलं. उशी उचलली. उन्हात धरून जराशी झटकली. गाडीला वळसा घालून ती त्याने स्टिअरिंगसमोरच्या सीटवर ठेवली आणि हाताने नीट केली. मग परत येऊन तो डावीकडे बसला आणि दार ओढून घेतलं.

बराच वेळ गाडी हलेना, तसा भैरू खिडकीशी आला. "काका, निघायचं न्हाई?"

"थांब मरे जरा," समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत धाकू म्हणाला. "गाडी चालयता ती येऊं दी."