डावी लेन मोकळी होती

"साहेब, आवाज बंद करूनच लावा," जावई म्हणाला.

मास्तरांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. दोन महिने ते जावयाशी थेट एक शब्द बोलले नव्हते. आताही ते समोरच्या अधिकाऱ्यालाच म्हणाले, "का? आवाजाचं कसलं वावडं? लपवण्यासारखं काही असेल तर तेही कळू दे की."

महामार्ग पोलिसांच्या चौकीतली ती खोली जेमतेम तीन खुर्च्यांची. खिडकीतून रस्त्याच्या तिन्ही लेन दिसत होत्या आणि भर दुपारी गाड्या सुसाट पळत होत्या. जावयाचा प्लास्टरमधला पाय स्टुलावर होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. गाडी मास्तरांच्या नावावर, त्यामुळे काचेवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण बघून सही त्यांनाच करायची होती.

अधिकारी पार अवघडून गेला होता. गाडी चालवायला तोही मास्तरांकडेच शिकलेला. मास्तरांची बोलणी त्यानेही भरपूर खाल्ली होती. "ओव्हरटेक झालं ना? मग ये डावीकडे! मधली लेन काय तुझ्या बापाने बांधलीय?" सदतीस वर्षं मास्तर शेजारच्या सीटवरून हेच ओरडत आले होते. आणि अपघाताच्या दिवशी त्यांच्याच मुलीच्या हातातली गाडी, डावी लेन मोकळी असताना, मधल्या लेनमध्ये ठाण मांडून रमतगमत चालली होती. मागचा बसवाला हॉर्न देऊन देऊन वैतागला, डावीकडून पुढे घुसला आणि कट मारताना त्यांच्या गाडीला घेऊन कठड्यावर आदळला.

बसवाल्यावर गुन्हा दाखल झाला होता. पण मास्तरांचा गुन्हेगार वेगळाच होता. जावयाने जबाबात स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, मधली लेन सोडू नकोस असं मीच तिला सांगितलं. ते वाचून मास्तर तसेच हॉस्पिटलात गेले होते आणि चार लोकांदेखत त्याला म्हणाले होते, "तुम्ही मारलीत माझी पोर." त्याने मान खाली घातली होती.

"माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी," मास्तर म्हणाले. "ती आपण होऊन असं करणं शक्यच नाही. लाव तू. आवाजासकट."

"मास्तर, गाडीचा नंबर आणि वेळ बघितलीत तरी पुरे आहे. बाकीचं खरंच गरजेचं..."

"लाव म्हटलं ना!"

अधिकाऱ्याने लावलं.

लख्ख ऊन, सरळ रस्ता. डावी लेन दूरवर रिकामी. आधी जावयाचा आवाज आला.

"अगं, घे ना डावीकडे. मागे बस आलीय बघ, आरशात बघ जरा."

"बघितली. जाईल ती उजवीकडून."

"उजवीकडे रांग लागलीय. कुठून जाईल? ऐक ना गं, डावीकडे घे."

यावर ती हसली. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने, लहानपणापासून हसायची तशी. मास्तरांनी टेबलाची कड पकडली.

"ए, बाबांनी सांगितलंय, काही झालं तरी मधली सोडायची नाही. डावीकडून गाड्या आत घुसतात. सदतीस वर्षं शिकवतायत ते. त्यांना जास्त कळतं का तुला?"

अधिकाऱ्याने घाईघाईने चित्रण थांबवलं. पुढे काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

मास्तरांना तो दिवस लख्ख आठवला. ते तिला पहिल्यांदा महामार्गावर घेऊन गेले होते. डावीकडच्या जोडरस्त्यावरून एक ट्रेलर न बघता सरळ आत आला. तिने गाडी व्यवस्थित सावरली. हातपाय गळाले ते त्यांचे. घरी येईपर्यंत त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघत होतं, तू आपली मधली धर, काही झालं तरी सोडू नकोस. हजारो शिष्यांपैकी एकालाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मास्तर गप्प राहिला आणि बाप बोलून गेला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः विसरूनही गेले. पोरीने मात्र शब्द पाळला.

ते जावयाकडे वळले.

"मग तुम्ही... तुम्ही तसं का लिहून दिलंत?"

जावई प्लास्टरकडे बघत राहिला. "अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ती थोडा वेळ शुद्धीवर होती, बाबा. म्हणाली, बाबांना यातलं काही कळता कामा नये, ते जगणार नाहीत. दोनदा म्हणाली. मग मी दुसरं काय करणार?"

मास्तरांनी हात पुढे केला. तो जावयाच्या हातापर्यंत पोचला नाही, मध्येच स्टुलावर राहिला. जावयानेच तो आपल्या हातात घेतला.

अधिकारी स्क्रीन बंद करायला उठला. "सही नंतर केलीत तरी चालेल, मास्तर. मी घरी येतो कागद घेऊन."

"थांब," मास्तर म्हणाले. "पुन्हा एकदा लाव."

"नका ना, बाबा," जावई म्हणाला.

"ती हसते ना, तिथपर्यंतच. पुढचं नको."