साव्वाच्या नावाचा पाव

वार्नाच्या चित्रपट महोत्सवात दिग्दर्शक येफीमनं स्वतःच्या शिपाईगिरीच्या दिवसांवर काढलेला युद्धपट संपला, तेव्हा अख्खं थिएटर डोळे पुसत होतं. पडद्यावर जखमी सोबती साव्वानं मरता मरता आपला पाव तरुण येफीमच्या हाती कोंबला होता. आता रशियन रिवाजाप्रमाणे येफीमनं मंचावर मेलेल्या साव्वाच्या नावानं व्होडकाचा पेला भरून त्यावर काळ्या पावाचा तुकडा ठेवला. इतक्यात कुबडी ठोकत एक म्हातारा वर चढला आणि पेला रिता करून मोकळा झाला. “सुरेख मेलो रे मी!” मिशा पुसत तो म्हणाला. “साव्वा? जिवंत?” “हळू, लेका! लोकांना नाटक वाटतंय.” खरंच टाळ्या कडाडल्या. साव्वानं पाव मोडला. “घे अर्धा. मला खंदकात टाकून पळालास, तेव्हा अख्खा नेला होतास.” पाव हातात घेऊन येफीम सवयीनं प्रेक्षकांपुढे वाकला, पण मान वर येईना.