पाइपांना सदरे

गच्चीवरचा प्लास्टिकचा पाइप त्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा तडकला, तेव्हा काकांनी प्लंबरला चांगलंच फैलावर घेतलं.

"माल कसला आणता हो? वर्षभरही टिकत नाही!"

"मालाचा दोष नाही काका, ऊन खातं त्याला. उघडा पाइप उन्हानं ठिसूळ होतो. जुने सुती कपडे घट्ट गुंडाळा. सदरे असतील तर उत्तमच."

सदरे म्हटल्यावर काकांना आपलं कपाट आठवलं. कॉलर विरलेले, कोपरावर फाटलेले अकरा सदरे त्यांनी वीस वर्षं जिवापाड जपले होते. काकूंना त्या कपाटाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. पण पाइप फुटला की बादल्या वाहून काकांचीच कंबर धरायची. नवा पाइप बसल्यावर त्यांनी एकेक सदरा कुरवाळत स्वतःच्या हातानं त्याला गुंडाळला आणि जड मनानं सुतळीच्या गाठी मारल्या.



खाली दारात चपला घालता घालता प्लंबर हळूच काकूंना म्हणाला, "पांढऱ्या रंगाचा एक हातही पुरला असता, काकू. पण तुम्ही पढवलंत, तसंच बोललो."