चाळिसावी गाठ

लातूर वेगळा जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती आणि दुष्काळानं सगळ्यांना रोजगार हमीच्या रस्त्यावर आणून बसवलं होतं. तिथं मुकादम अमृतराव सुट्टी द्यायचा ती फक्त तंबाखूसाठी; न खाणारीनं खडी फोडत राहायचं. त्यामुळं सगळ्याच बाया खायला शिकल्या. केवळाबाईच्या गालात पांढरा चट्टा उठला, तेव्हा नव्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "मेंदूत बक्षीस मागणारी एक जागा असते. तंबाखूनं तिला लाडावून ठेवलंय. तिला रोज दुसरं काहीतरी बक्षीस द्या." तेव्हापासून केवळाबाई सुट्टीत तंबाखूची रिकामी चंची उघडून बसायची आणि तंबाखूविना गेलेल्या दिवसाची एक गाठ चंचीच्या दोरीला मारायची. आज शेजारी जगदेवीनं तंबाखू मळली. वासासरशी केवळाबाईचा हात पुढं गेला, थांबला, आणि मागं येऊन त्यानं दोरी धरली. "चंची तर रिकामी दिसते, मावशी," मुकादम म्हणाला. "मग उठा." "गाठ मारायले. चाळिसावी हाय. त्यांची तंबाखू, माझी गाठ." मुकादम दोरीकडं बघत राहिला आणि पुढं गेला. तिनं गाठ आवळली, तसा डोक्यात कुठंतरी गुळाचा खडा विरघळला. गाठींनी आखडलेली दोरी आता चंचीभोवती पुरेना. ती मोठ्यानं हसली. जगदेवीनं तळहातावरची तंबाखू मातीत झटकली आणि आपली चंची पुढं केली. "पैली गाठ तूच मार."